अहवाल हिरवा, शाखा हैराण: कोअर बँकिंग बाहेर दिल्यावर बँकेकडे काय उरायला हवं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी माझ्या शब्दांत मांडतो, समजण्यात काही चूक असेल तर सांगा. तुमची नागरी सहकारी बँक, ३४ शाखा, ठेवी साधारण १,३०० कोटींच्या. चार वर्षांपूर्वी कोअर बँकिंग (सगळ्या शाखांची खाती एका जागी चालवणारी संगणक यंत्रणा), शाखांचं नेटवर्क आणि हेल्पडेस्क असं सगळं एकाच कंपनीकडे दिलं. कंपनीचा महिन्याचा अहवाल दर वेळी हिरवा, म्हणजे 'सगळं ठीक' असा येतो, पण शाखांची ओरड थांबत नाही. करार ११ महिन्यांनी संपतोय. काही संचालक म्हणतात, कंपनी बदला. मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणतात, सगळं बाहेर दिलंय तर आयटी विभागात सात माणसं कशाला, चौघांना शाखांत पाठवू. त्या चौघांत एक गृहस्थ १९ वर्षं बँकेत आहेत, आधी क्लिअरिंगला, म्हणजे चेक वटवण्याच्या विभागात होते. आणि तुम्ही विचारताय, कंपनी बदलावी का, आणि बदलायची तर कोणती घ्यावी.

कोणती कंपनी घ्यावी हे मी सांगणार नाही. मला तुमच्या लिहिण्यातली सगळ्यात काळजीची गोष्ट त्या चार बदल्यांची वाटली, आणि ती तुम्ही जाता जाता लिहिली आहे. कंपनी बदलली आणि तुमच्या बाजूला तिचं काम तपासणारं कोणी उरलं नाही, तर दोन वर्षांनी हाच प्रश्न तुम्ही नव्या कंपनीबद्दल विचाराल.

माझ्याबद्दल एवढंच, की मी ११ वर्षं हिंजवडीत सेवा देणाऱ्या कंपनीत होतो आणि इंग्लंडमधल्या ग्राहकांची कामं इथून चालवत होतो. त्यानंतरची १३ वर्षं टेबलाच्या दुसऱ्या बाजूला काढली. सहकारी बँकांसाठी असे करार करायचे आणि मग ते निभवायचे, हे माझं काम. दोन्हीकडून पाहिल्यामुळे काही गोष्टी ठामपणे सांगू शकतो. काही मात्र तुमच्या कागदपत्रांवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे सॉफ्टवेअरचा परवाना कोणाच्या नावावर आहे. बँकेच्या नावावर असेल तर सॉफ्टवेअर तेच ठेवून चालवणारी कंपनी तेवढी बदलता येते, आणि काम निम्म्याने सोपं होतं. परवाना कंपनीचा असेल आणि तुम्ही प्रत्येक शाखेमागे महिन्याचं भाडं भरत असाल, तर कंपनी बदलणं म्हणजे सॉफ्टवेअर, डेटा सेंटर आणि सगळ्या शाखांच्या सवयी एकदम बदलणं. दुसरी गोष्ट, करार संपताना कंपनीने किती महिने आणि कोणत्या दराने सेवा चालू ठेवायची, याचं कलम आहे का. तिसरी, तुमचा डेटा कितपत स्वच्छ आहे. जुन्या खात्यांना केवायसी जोडलेली नाही, एकाच माणसाचे तीन ग्राहक क्रमांक आहेत, असा प्रकार किती आहे ते पाहा. आणि कंपनीकडून डेटा फुटला असेल किंवा अफरातफरीचा संशय असेल, तर खालचं सगळं बाजूला ठेवा आणि आधी वकील आणि लेखापरीक्षक गाठा.

आता अहवाल हिरवा का येतो ते बघू. कंपनी खोटं लिहिते असं मी धरत नाही. माझा अनुभव असा, की आकडे बहुधा खरे असतात आणि करारात मोजायची जागा चुकलेली असते.

'उपलब्धता ९९.५ टक्के' हे किंवा याच्या जवळचं कलम तुमच्या करारात असणारच. ३० दिवसांच्या महिन्यात ७२० तास असतात, त्यांचा अर्धा टक्का म्हणजे ३ तास ३६ मिनिटं. तेवढा वेळ यंत्रणा बंद राहिली तरी कलम पाळलं गेलं. हा वेळ रात्री दोन वाजता गेला तर कोणाला पत्ताही लागत नाही. सोमवारी सकाळी साडेदहाला गेला तर रांग दाराबाहेर जाते आणि शाखाधिकाऱ्याला सभासदांची बोलणी खावी लागतात. करार या दोन्हींना एकच मानतो. मोजणी तिमाहीवर असेल तर आणखी बिकट: ९० दिवसांचे २,१६० तास, अर्धा टक्का १० तास ४८ मिनिटं. म्हणजे शाखा उघडल्यापासून बंद होईपर्यंत अख्खा एक दिवस कोअर बँकिंग ठप्प राहिलं, तरी तिमाहीचा अहवाल हिरवा. शिवाय त्यातून 'नियोजित देखभाल' वजा होते ती वेगळीच. तुमच्या करारात मोजणी महिन्यावर आहे की तिमाहीवर, आणि चोवीस तासांवर आहे की कामकाजाच्या वेळेवर, हे आजच उघडून पाहा.

मोजतात कुठे हेही पाहा. कंपनी मोजते डेटा सेंटरमधल्या सर्व्हरपाशी. सर्व्हर चालू, म्हणून हिरवा. इकडे शाखेची लाइन पडलेली असते, आणि बॅकअपची म्हणून घेतलेली दुसरी लाइनही त्याच रस्त्याखालून आलेली असते, त्यामुळे खोदकामात दोन्ही एकदम तुटतात. संध्याकाळी सहाला पिग्मी एजंट, म्हणजे दारोदार जाऊन रोजची छोटी बचत गोळा करणारे, मशीन घेऊन उभे असतात आणि दिवसभराची वसुली चढत नाही. कंपनीच्या लेखी त्यातलं काहीच झालेलं नसतं, कारण त्या कलमात शाखा येतच नाही.

तिकिटांचं, म्हणजे हेल्पडेस्ककडे नोंदवलेल्या तक्रारींचंही असंच. 'चार तासांत निवारण' असं कलम असतं, पण 'ग्राहकाकडून माहिती प्रलंबित' असा शेरा मारला की घड्याळ थांबतं. शाखेतल्या क्लार्कला फोन केला, त्याने उचलला नाही, शेरा पडला. दोन दिवसांनी तिकीट बंद होतं, शाखा नवं तिकीट टाकते, आणि अहवालात दोन तक्रारी वेळेत सुटलेल्या दिसतात. मी स्वतः सेवा देणाऱ्या कंपनीच्या बाजूला असताना असे शेरे पाहिले आहेत. टीममधली मुलं लबाड नव्हती. त्यांच्या व्यवस्थापकाचं मूल्यमापन त्या घड्याळावर होत होतं, म्हणून ती घड्याळ सांभाळत होती.

यावर मी करतो तो उपाय साधा आहे. स्वतःचं मोजमाप सुरू करा. पाच शाखा निवडा, त्यात एक तालुक्याच्या गावची, एक सगळ्यात जास्त गर्दीची आणि एक कायम रडणाऱ्या लाइनची असू द्या. तिथे रोज सव्वादहा, एक आणि साडेचार वाजता एकच ठरलेला व्यवहार, समजा रोख जमेची पावती, किती सेकंदांत पास होतो ते लिहून ठेवायचं. डे-एंड, म्हणजे दिवसाचे हिशेब बंद करण्याचं काम, किती वाजता पूर्ण झाला आणि पिग्मीच्या किती फाइली पहिल्या खेपेला चढल्या नाहीत, तेही लिहायचं. याला सॉफ्टवेअर लागत नाही, वही पुरते. आणि दर सोमवारी मागच्या आठवड्यात बंद झालेली दहा तिकिटं चिठ्ठी काढल्यासारखी उचलून त्या शाखांना फोन करायचा: काम खरंच झालं का? तीन महिन्यांत तुमच्याकडे अशी माहिती जमते जी कंपनीकडेही नसते. मासिक बैठकीत तुमची वही आणि त्यांचा अहवाल शेजारी ठेवले की बोलण्याचा सूरच बदलतो.

दंडाच्या कलमावर फार विसंबू नका. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक करारांत दंडाला महिन्याच्या बिलाच्या काही टक्क्यांची मर्यादा असते, आणि कंपनी दर ठरवतानाच ती रक्कम त्यात धरून ठेवते. नवीन करारात त्यापेक्षा हे लिहून घ्या: एकच बिघाड सहा महिन्यांत तीनदा झाला तर मूळ कारण लेखी द्यायचं, आणि ते दूर झालं नाही तर तेवढीच सेवा वेगळी काढून घ्यायचा हक्क बँकेला राहील. दंडापेक्षा असं काम हातचं जाण्याची कंपनीला जास्त काळजी असते.

आता माणसांकडे येतो, कारण माझं खरं म्हणणं इथे आहे.

हिंजवडीत असताना आमच्याकडे इंग्लंडमधल्या एका विमा कंपनीचं काम आलं. नेहमीची पद्धत अशी: काही आठवडे आमची माणसं त्यांच्या माणसांशेजारी बसून पाहायची, मग आम्ही करायचं आणि ते पाहायचे, मग ते निघून जायचे. आम्ही १४० पानांचा दस्तऐवज बनवला. कोणती बॅच (एकगठ्ठा आपोआप चालणारं काम) किती वाजता, अडली तर कोणती आज्ञा द्यायची, सगळं त्यात होतं. पाच महिने उत्तम चाललं. मग एका सोमवारी हप्ते वसुलीची फाइल आली नाही. दस्तऐवजात लिहिलं होतं, फाइल आली नाही तर शेवटची फाइल पुन्हा लावून पाहा. आमच्या रात्रपाळीतल्या मुलाने तेच केलं. तो सोमवार तिकडच्या बँकांच्या सुट्टीचा होता, फाइल येणारच नव्हती, आणि शुक्रवारचीच फाइल दुसऱ्यांदा लागली. हजारो लोकांच्या खात्यांतून हप्ता दोनदा कापला गेला. ही गोष्ट तिकडच्या एका जुन्या कर्मचाऱ्याला माहीत होती, ते सुट्टीच्या आदल्या शुक्रवारी स्वतः बॅच रोखून ठेवायचे. ते त्यांनी कधी लिहिलं नव्हतं, कारण कोणी विचारलं नव्हतं. आम्ही येण्याच्या सुमारास खर्चकपातीत त्यांना जावं लागलं होतं.

माझ्या टीममध्ये हे घडलं, आणि त्या लोकांचे पैसे परत जाईपर्यंत मला नीट झोप लागली नाही. तेव्हापासून मी मानतो की दस्तऐवजात 'काय' आणि 'कधी' उतरतं, 'का' उतरत नाही. 'का' माणसांकडे राहतं. तुमच्या बँकेतही अशा जागा आहेत. १९९० च्या दशकातली एखादी मुदत ठेव योजना, जिचं व्याज वेगळ्या पद्धतीने मोजायचं ठरलं होतं. एखाद्या साखर कारखान्याच्या कामगारांचे पगार, जे ठरावीक दिवशी एकदम जमा होतात आणि त्या दिवशी डे-एंडला दुप्पट वेळ लागतो. कंपनीचा हैदराबादला किंवा मुंबईला बसलेला मुलगा कितीही हुशार असला, तरी हे त्याला सांगायला तुमच्याकडे कोणीतरी असावं लागतं.

दुसरं उदाहरण सार्वजनिक आहे, तुमच्या संचालकांना जरूर सांगा. ब्रिटनमधल्या टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये आपल्या सुमारे ५२ लाख ग्राहकांची खाती लॉइड्स या दुसऱ्या बँकेच्या यंत्रणेवरून नव्या यंत्रणेवर हलवली. काम साबिस या कंपनीकडे होतं. ही साबिस टीएसबीच्या मालक सबादेल बँकेचीच, म्हणजे घरातलीच कंपनी. साबिसने पुढे कितीतरी दुसऱ्या कंपन्यांना कामं दिली होती. स्थलांतर झालं आणि लाखो लोकांना स्वतःची खाती उघडता येईनात, कारभार पूर्ववत व्हायला डिसेंबर उजाडला. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये नियामकांनी टीएसबीला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड केला. आणि एप्रिल २०२३ मध्ये तेव्हाच्या आयटी प्रमुखाला व्यक्तिशः ८१,६२० पौंडांचा दंड झाला. ठपका असा, की बाहेर दिलेल्या कामावर बँकेची पुरेशी देखरेख राहील याची काळजी त्यांनी घेतली नाही, आणि साबिस खरंच तयार आहे का याची पुरेशी खात्री करून घेतली नाही. 'कंपनी आपलीच आहे, तिने तयार असल्याचं कळवलंय' हे कारण चाललं नाही.

आपल्याकडेही नियम याच दिशेचे आहेत. रिझर्व्ह बँकेने आयटी सेवा बाहेरून घेण्याबद्दल १० एप्रिल २०२३ रोजी निर्देश काढले आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून ते लागू झाले. त्यातून टियर १ आणि टियर २ च्या, म्हणजे आकाराने लहान गटांतल्या, नागरी सहकारी बँका वगळल्या होत्या. तुमच्या ठेवी १,००० कोटींच्या वर, म्हणजे तुम्ही टियर ३ मध्ये, म्हणजे तुम्हाला सूट नाही. निर्देशांचा गाभा असा, की सेवा बाहेर दिल्याने बँकेची आणि संचालक मंडळाची जबाबदारी कमी होत नाही. कंपनीला पुढे दुसऱ्या कोणाला काम द्यायचं तर बँकेची संमती हवी, बँकेला आणि रिझर्व्ह बँकेला तपासणीचा हक्क हवा, बाहेर पडण्याची योजना हवी. सायबर घटना कंपनीला कळल्यापासून सहा तासांच्या आत रिझर्व्ह बँकेला कळवायची आहे. घड्याळ सुरू होतं कंपनीच्या लक्षात आल्यापासून, आणि कळवायचं तुम्ही. कंपनीने तुम्हाला दुसऱ्या दिवशी मेल टाकली तर मुदत मोडली ती तुमच्या बँकेची. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही हेच धरतो: डेटा हाताळायला कोणाला नेमलं, करारात काय लिहिलं, याने मूळ संस्थेची जबाबदारी सुटत नाही.

म्हणून मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना सांगताना 'सात माणसं ठेवा' असा हट्ट धरू नका. सातच्या ऐवजी पाच कदाचित चालतील. पण कोणती, ते ठरवा. बँकिंग कळणारं आणि डेटाबेसमधून स्वतः माहिती काढू शकणारं एक माणूस हवंच, म्हणजे कंपनीने दिलेली व्याज आकारणी किंवा एनपीएची (थकीत कर्जांची) यादी ताडून बघता येईल. नेटवर्क कळणारं एक हवं. माहिती सुरक्षेचं माणूस वेगळं हवं, आणि ते आयटी प्रमुखाच्या हाताखाली नको. करार आणि बिलं वाचणारं एक माणूस हवं, आणि या जागेसाठी अभियंता लागत नाही, हिशेबातला चिकाटीचा माणूस उत्तम. आणि शाखांचा आवाज कंपनीपर्यंत नेणारं एक. सर्व्हर खोलीत बसून बॅकअपच्या टेप बदलणारं माणूस आता लागत नसेल, तर त्याला नवं काम शिकवा किंवा शाखेत पाठवा. त्याला माझी हरकत नाही.

आतापर्यंतचं एवढं: शाखेच्या काउंटरपाशी मोजा, तपासणारी माणसं ठेवा. आता ११ महिन्यांच्या प्रश्नाकडे.

कंपनी बदलायचीच ठरली, तरी ११ महिने पुरत नाहीत. निवड करायला तीन-चार महिने, करार व्हायला एक-दोन. डेटा स्वच्छ करणं, दोन रंगीत तालमी, शाखांचं प्रशिक्षण, यात सहा-आठ महिने सहज जातात. ३१ मार्चच्या मागेपुढे स्थलांतर अजिबात करायचं नाही, आणि सणासुदीचे आठवडेही टाळायचे. म्हणून माझा सल्ला असा, की आहे त्या कंपनीशी एक वर्षाची मुदतवाढ करा, पण बदललेल्या अटींवर. ही मुदतवाढ मागायला शेवटच्या महिन्यात जाऊ नका. आता तुमच्या हातात वेळ आहे, शेवटच्या महिन्यात पर्यायही नसतील आणि ते कंपनीलाही ठाऊक असेल.

नेटवर्क मी आधी वेगळं काढलं असतं. ते बदलायला सोपं आहे, आणि बहुतेक ठिकाणी निम्म्या तक्रारींचं मूळ तिथेच सापडतं. तुमच्याकडे तसंच असेल असं मी म्हणत नाही, तुमची तीन महिन्यांची वही ते सांगेल. मूळ दुखणं कोअर बँकिंगच्या सॉफ्टवेअरमध्येच निघालं, तर मग मोठा निर्णय घ्यावाच लागेल. पण तो तेव्हा आकडे हातात घेऊन घ्याल.

मुदतवाढीत कोणत्या अटी घालायच्या? सगळ्यात महत्त्वाची अट डेटाची. 'करार संपल्यावर कंपनी बँकेचा डेटा हस्तांतरित करेल' एवढं एक वाक्य फार ठिकाणी असतं आणि ते निरुपयोगी असतं. मी काम केलेल्या एका बँकेला शेवटी डेटाबेसचा बॅकअप मिळाला, पण कोणत्या टेबलात काय आहे याचं एक पानही नाही. सह्यांचे नमुने वेगळ्याच सर्व्हरवर होते, ते आलेच नाहीत. ते मिळवण्यात चार महिने गेले आणि तोवर जुन्या कंपनीला वाढीव दराने पैसे द्यावे लागले. म्हणून असं लिहून घ्या: दर सहा महिन्यांनी संपूर्ण डेटा, सह्या आणि कागदपत्रांच्या प्रतिमांसकट, टेबलांच्या वर्णनासह बँकेला मिळेल. आणि मिळाला की तो कपाटात ठेवू नका. तुमच्या त्या डेटाबेस कळणाऱ्या माणसाने तो वेगळ्या संगणकावर चढवायचा आणि त्यावरून ट्रायल बॅलन्स, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकांचा ताळा, काढायचा. त्या तारखेच्या ट्रायल बॅलन्सशी तो पैशापर्यंत जुळला, तर बाहेर पडायचा रस्ता तुमच्यासाठी उघडा आहे. जुळला नाही, तर ते आज कळलं हे फार बरं झालं.

दुसरी अट डीआरची, म्हणजे मुख्य डेटा सेंटर पडलं तर दुसरीकडून काम चालवायची. कंपनी दर सहा महिन्यांनी डीआर ड्रिल यशस्वी झाल्याचं प्रमाणपत्र देत असेल. ते ड्रिल रविवारी, कंपनीच्या खोलीतून, चार लॉगिन करून होतं का, ते विचारा. एका बँकेत मी आग्रह धरला की कामाच्या दिवशी, सगळ्या शाखा जोडून, डे-एंडसकट पूर्ण दिवस डीआरवरून चालवायचा. कोअर बँकिंग छान उभं राहिलं. शाखाही जोडल्या गेल्या. पण यूपीआय आणि एसएमएस बंद. कारण पलीकडच्या कंपन्यांनी फक्त मुख्य डेटा सेंटरचा आयपी पत्ता मान्य करून ठेवला होता, डीआरचा पत्ता त्यांच्या यादीत नव्हता. तीन वर्षं 'यशस्वी' ड्रिलमध्ये हे दिसलं नव्हतं. ते शांत दिवशी दिसलं म्हणून दोन तासांत सुधारलं. खऱ्या संकटात पलीकडच्या कंपनीत पत्ता बदलायची परवानगी देणारा माणूस शोधण्यातच दिवस गेला असता.

तिसरी अट साखळीची. ३१ जुलै २०२४ आठवून बघा. बँकांना तंत्रज्ञान सेवा देणाऱ्या सी-एज या कंपनीवर रॅन्समवेअरचा (डेटा अडवून खंडणी मागणारा) हल्ला झाल्याची शक्यता दिसताच यूपीआयसारखी देयकं चालवणाऱ्या एनपीसीआयने तिला किरकोळ देयक यंत्रणेपासून तात्पुरतं तोडलं, आणि तिच्या सेवेवरच्या सुमारे ३०० लहान बँकांच्या, मुख्यतः सहकारी आणि ग्रामीण बँकांच्या, ग्राहकांचे व्यवहार अडले. दुसऱ्या दिवशी जोडणी पूर्ववत झाली. त्या बँकांनी स्वतः काही चूक केली नव्हती, आणि हल्ल्याची वाट कंपनीच्या पुढच्या एका भागीदारातून आल्याचं सुरक्षा अभ्यासकांनी नंतर मांडलं. तुमच्या कंपनीच्या मागे कोण कोण आहे? एसएमएस कोण पाठवतं, एटीएमचे व्यवहार जोडणारा स्विच कोणाचा, सॉफ्टवेअरच्या दुरुस्त्या (पॅच) कोण चढवतं, हेल्पडेस्कवर रात्री कोणाच्या पगारपत्रकावरची माणसं बसतात? अशी यादी मागा, दर तिमाहीला नवी करून घ्या. पहिल्यांदा मागितल्यावर कंपनी कुरकुर करेल. मागत राहा, तो तुमचा हक्क आहे.

पैशाबद्दल थोडक्यात. मूळ दर कमी ठेवून 'चेंज रिक्वेस्ट'मधून, म्हणजे प्रत्येक बदलाचं वेगळं बिल लावून, कमावणं ही जुनी रीत आहे. गेल्या चार वर्षांची अशी सगळी बिलं काढा आणि त्यातली रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकांमुळे करावी लागलेली वेगळी करा. नियामक बदल मूळ दरात धरलेले असायला हवेत, ते प्रत्येक बँकेला करावेच लागतात आणि कंपनी ते एकदा करून सगळ्यांना देते. बाकीच्या बदलांसाठी माणूस-दिवसाचा, म्हणजे एका माणसाच्या एका दिवसाच्या कामाचा, दर आधीच ठरवा.

एक गोष्ट मान्य करतो. मोठ्या कंपनीच्या लेखी ३४ शाखांची बँक हा लहान ग्राहक आहे. तुम्ही एकट्याने कडक अटी घातल्या तर ती खांदे उडवू शकते. म्हणून त्याच कंपनीच्या सेवेवर असलेल्या तुमच्या जिल्ह्यातल्या दोन-तीन बँकांच्या आयटी प्रमुखांना भेटा. अडचणी बहुधा सारख्याच निघतील आणि एकत्र मागितल्याचा फरक पडतो. नागरी सहकारी बँकांची एनयूसीएफडीसी ही शिखर संस्था २०२४ मध्ये सुरू झाली, तंत्रज्ञान सामायिक करणं हा तिचा एक हेतू आहे. मोठा निर्णय घेण्याआधी तिथेही विचारणा करा.

आणि ते १९ वर्षांचे गृहस्थ. बदलीचा आदेश निघण्याआधी त्यांच्याबरोबर आठवडाभर रोज एक तास बसा. वर्षातल्या कोणत्या दिवशी ते नेहमीपेक्षा लवकर येतात, कोणत्या खात्यांवर त्यांची वेगळी नजर असते, कोणता अहवाल ते हाताने पुन्हा ताडतात, आणि प्रत्येक वेळी का, हे विचारा आणि लिहून काढा. माझा अंदाज आहे की चौथ्या दिवशी तुमच्याकडे दहा-बारा पानं होतील, ज्यांतलं एकही वाक्य कंपनीच्या दस्तऐवजात नसेल. ती पानं घेऊन मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या केबिनमध्ये जा आणि त्या गृहस्थांनाही सोबत न्या.